हनुमान नावाची मोटार

आडुतुरैला मी उतरलो तो विठोबासाठी. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे निघालं की वाटेत तिरुविडैमरुदूर लागतं आणि मग आडुतुरै. दोहोंच्या मधे, हमरस्त्यालगत, गोविंदपुरम. २०११ मध्ये तिथे विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ उभं राहिलं. गोपुरांनी भरलेल्या या मुलखात त्याचं उंच, निमुळतं शिखर लांबूनच आपल्याकडचं म्हणून ओळखू येतं. मराठी माणसाला इथे परकं वाटायचं तसं कारणच नाही. तंजावरच्या गादीवरून १७९८ मध्ये पायउतार व्हावं लागलेले अमरसिंह भोसले याच तिरुविडैमरुदूरला येऊन राहिले होते.

सप्टेंबर सरत आला होता. मेट्टूर धरणाचं पाणी बारा जूनला सोडायचा या खोऱ्यातला रिवाज आहे. त्या पाण्यावर लावलेलं कुरुवै भात कापून झालं होतं. आडुतुरैचं नाव साऱ्या तमिळनाडूला ठाऊक आहे ते भातामुळे. १९२२ पासून इथे भात संशोधन केंद्र आहे आणि 'एडीटी' या अक्षरांनी सुरू होणारी वाणं इथलीच. अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं, त्याच्या कडेने दगड मांडलेले, पलीकडे पेंढ्याच्या गंजी. बस आली की ती उरलेल्या अर्ध्या रस्त्यातून अंग चोरून जायची.

विठोबाचं दर्शन सकाळीच झालं. दुपार मी राखून ठेवली होती सूर्यनार कोविलसाठी. आडुतुरैपासून दोन-तीन किलोमीटरवर कुलोत्तुंग चोळाच्या काळातलं हे सूर्याचं देऊळ. शंकराच्या देवळात जिथे नंदी असतो तिथे इथे घोडा आहे. सूर्यासमोर बृहस्पती, आणि बाकीचे ग्रह आवारात आपापल्या देवळ्यांतून. त्या घोड्यापाशी मी बराच वेळ बसलो, कारण मला आठवत होती उत्तरकांडातली हनुमानाच्या शिक्षणाची गोष्ट. हनुमानाने व्याकरण शिकायला गुरू केला तो सूर्य. गुरूला थांबायला सवड नाही, रथ सतत चालू. म्हणून शिष्य रथाकडे तोंड करून, उदयगिरीपासून अस्ताचलापर्यंत, गुरूच्या वेगाने पाठमोरा सरकत राहिला आणि शिकत राहिला. वेगाची याहून सुंदर कथा मला माहीत नाही.

ती आठवायला कारण होतं. माझ्या पिशवीत एक वही होती. गेली दोन वर्षं मी युरोपातल्या एका मोटार शर्यतीच्या मागे लागलो आहे. १३ मे १९५०, इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन. ज्याला आज आपण फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा म्हणतो, तिची ही पहिली शर्यत. त्या वहीच्या पहिल्या पानावर मी एकच ओळ लिहून ठेवली होती: त्या दिवशी दुसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या एका चालकाच्या जुन्या मोटारीचं नाव हनुमान होतं.

त्याचं नाव बिरा. पूर्ण नाव राजपुत्र बिराबोंग्से भानुदेज. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. राजा मोंगकुटचा नातू. जन्म १५ जुलै १९१४, बँकॉक. जिथल्या राजांना 'राम' हीच पदवी आहे आणि जिथल्या जुन्या राजधानीने अयोध्येचं नाव घेतलं, त्या देशातला हा मुलगा १९२७ मध्ये शिकायला इंग्लंडला आला. ईटनच्या शाळेत गेला, पुढे चार्ल्स व्हीलर या शिल्पकाराच्या हाताखाली मूर्तिकाम शिकला. त्याचा चुलत भाऊ राजपुत्र चुला सहा वर्षांनी मोठा, आणि पालकाच्याच जागी. बिराच्या एकविसाव्या वाढदिवसाला चुलाने त्याला इआरए कंपनीची शर्यतीची मोटार भेट दिली. ही कंपनी इंग्लंडमधल्या बोर्न गावची. रेमंड मेज, हम्फ्री कुक आणि पीटर बर्थन यांनी काढलेली. या पहिल्या मोटारीचं नाव ठेवलं रोम्युलस. दुसरी आली तिचं रीमस. रोमच्या जुळ्या भावंडांची नावं संपल्यावर तिसऱ्या मोटारीसाठी हे दोघं आपल्या घरच्या कथेकडे वळले. हनुमान.

ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. इंग्लंडमध्ये वाढलेली, तिथल्या उंची वर्तुळात सहज वावरणारी ही दोन तरुण माणसं. नाव द्यायला त्यांना ग्रीक देव होते, रोमन सम्राट होते. त्यांनी वायुपुत्राला बोलावलं. मोटारींचा रंगही त्यांनी सयामचा म्हणून ठरवून घेतला, फिकट निळा आणि पिवळा. शर्यतीच्या जगात इटलीचा तांबडा, फ्रान्सचा निळा, इंग्लंडचा हिरवा असे रंग ठरलेले होते, आणि त्या यादीत आशियातल्या एका देशाचा रंग या दोघांमुळे रुळला. १९३६ मध्ये मोनाकोला लहान मोटारींची शर्यत बिराने रोम्युलसवर जिंकली. ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबचा सुवर्णतारा १९३६, १९३७ आणि १९३८ असा सलग तीन वर्षं त्याच्याकडे होता. 'हनुमान' १९३९ मध्ये फ्रान्समध्ये रँसला उलटली. मोडलेली मोटार पुन्हा उभी केली गेली आणि 'हनुमान दुसरा' झाली. थोड्याच दिवसांत युद्ध सुरू झालं.

युद्धानंतरच्या युरोपात शर्यती पुन्हा कशा सुरू झाल्या, हे समजून घ्यायचं तर आधी जागेचा प्रश्न समजला पाहिजे. फ्रान्स-इटलीत सार्वजनिक रस्ते बंद करून शर्यती लावायची जुनी पद्धत होती. इंग्लंडमध्ये कायदा आडवा येत असे. त्यासाठी रस्ता बंद करता येत नसे. म्हणून १९०७ मध्ये ब्रुकलँड्सला खास धावमार्ग बांधलेला होता. युद्धात ब्रुकलँड्स विमानांच्या कारखान्यांनी गिळलं, डॉनिंग्टनचा मार्ग लष्कराने वाहनांचं कोठार म्हणून घेतला. शर्यत लावायची होती, मोटारी होत्या, चालक होते, आणि पायाखाली जमीन नव्हती.

जमीन दिली ती युद्धानेच. इंग्लंडभर शेतं सपाट करून हवाई तळ बांधले गेले होते. नॉर्दम्प्टनशायर आणि बकिंगहॅमशायरच्या शिवेवरचा सिल्व्हरस्टोनचा तळ १९४३ मध्ये सुरू झाला. वेलिंग्टन जातीच्या बाँबफेकी विमानांवर तरुण पोरांना तिथे तयार केलं जाई. तीन धावपट्ट्या, आणि त्यांच्याभोवती विमानं फिरवण्यासाठी कडेकडेने गेलेला रस्ता. युद्ध संपल्यावर विमानं गेली, डांबर आणि काँक्रीट मागे राहिलं. आजूबाजूच्या हौशी पोरांनी १९४७ मध्ये तिथे आपापसात एक शर्यत केली. त्यात एक मेंढी मोटारीखाली आली, म्हणून ती शर्यत आजही 'मटन ग्रां प्री' म्हणूनच ओळखली जाते. पुढच्या वर्षी रॉयल ऑटोमोबाइल क्लबने ती जागा रीतसर भाडेपट्ट्याने घेतली आणि २ ऑक्टोबर १९४८ ला तिथे पहिली मोठी ग्रां प्री भरवली.

विमानतळावरच्या शर्यतीत एक वेगळीच अडचण असते, आणि मला वाटतं ती नीट सांगितली गेली पाहिजे. रस्त्यावर चालकाला खुणा असतात. तो पूल आला की ब्रेक, त्या झाडापाशी गिअर. धावपट्टीवर खूणच नसते. चहूकडे सपाट, रुंद, राखाडी. वळण नेमकं कुठे सुरू होतं हे नजरेला कळत नाही, ब्रेक कुठे दाबायचा हे अंदाजाने ठरवायचं. म्हणून रस्ता 'काढावा' लागतो. सिल्व्हरस्टोनला तो पेंढ्याच्या गासड्या, रिकामी पिंपं आणि दोऱ्या यांनी काढला. १९४८ च्या आखणीत मोटारी धावपट्टीवरून मधल्या भागात समोरासमोर येत. एकमेकींकडे सुसाट येणाऱ्या चालकांची नजर ढळू नये म्हणून मधे कापडी पडदे उभारले होते. बाकीच्या मोकळ्या जमिनीवर शेती चालू होती, डुकरं पाळलेली होती, आणि प्रेक्षकांनी पिकं तुडवू नयेत हीही चिंता आयोजकांना होती. आडुतुरैच्या रस्त्यावर दगडांच्या रांगेने राखलेलं भात पाहताना मला तेच चित्र आठवत होतं. पिकाची कड आणि वेगाची कड एकाच रेषेवर.

त्या वर्षी लुइजी व्हिलोरेसी आणि अल्बर्टो अस्कारी हे दोघे इटालियन उशिरा पोचले, सराव चुकला म्हणून सगळ्यांच्या मागून सुटले, आणि काही फेऱ्यांतच सगळ्यांच्या पुढे गेले. व्हिलोरेसी पहिला, अस्कारी दुसरा, बिरा पाचवा. १९४९ मध्ये धावपट्ट्या सोडून शर्यत तळाच्या कडेच्या रस्त्यावर आली. आजच्या सिल्व्हरस्टोनचा साचा तोच. बिरा त्या वर्षी काही काळ आघाडीवर होता, पण शर्यत पुरी करू शकला नाही. जिंकला स्वित्झर्लंडचा जहागीरदार द ग्राफेनरीड. पुढच्या वर्षी हे दोघे एन्रिको प्लाते याच्या एकाच संघात मासेराती मोटारी चालवत होते.

आणि मग ते १३ मे.

इंग्लंडमध्ये अजून पेट्रोलचं रेशनिंग होतं. ते उठलं २६ मेला, शर्यतीनंतर तेरा दिवसांनी. तरी लाखावर माणसं सिल्व्हरस्टोनला जमली. रेल्वेने, बसने, सायकलींनी. राजा सहावा जॉर्ज राणी आणि धाकट्या राजकन्येसह आला होता. ब्रिटनच्या कुठल्याही मोटार शर्यतीला राज्यावर असलेल्या राजाने लावलेली ही पहिली हजेरी. सोबत माउंटबॅटन पतिपत्नीही होती. हे वाचल्यावर मी वहीत तारखा मांडल्या. २६ जानेवारी १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला; तोवर कागदोपत्री हाच जॉर्ज आपलाही राजा होता. त्या मंडपात बसलेल्या दोन माणसांचं हिंदुस्थानशी असलेलं सरकारी नातं नुकतंच संपलेलं. आणि समोर शर्यतीच्या रांगेत एकच आशियाई माणूस, अशा देशाचा की जो कधी कुणाची वसाहत झालाच नाही.

सुटायला एकवीस मोटारी. नियम असा की सुपरचार्जर लावलेलं इंजिन असेल तर दीड लिटर, नसेल तर साडेचार लिटर. पहिल्या रांगेत चार अल्फा रोमेओ: फारिना, फाजोली, फांजिओ आणि यजमानांचा मान म्हणून चौथ्या मोटारीवर इंग्रज रेज पार्नेल. ही अल्फा १५८ युद्धाआधीची, कोलोंबो नावाच्या अभियंत्याने १९३७ मध्ये आखलेली. ओळीत आठ सिलिंडर, सुपरचार्जर, साडेतीनशेच्या आसपास अश्वशक्ती, आणि तहान अशी की अल्कोहोलच्या इंधनावर लिटरला किलोमीटरसुद्धा नाही. युद्धात या मोटारी दडवून ठेवल्या होत्या, आणि तेरा वर्षांच्या जुन्या आखणीला १९५० मध्येही जोड नव्हती. फेरारीचा संघ त्या दिवशी आलाच नाही.

पाचवा बिरा. अल्फांच्या पाठोपाठ, दुसऱ्या रांगेच्या तोंडाशी.

चालकांची यादी वाचताना मला ती एखाद्या जत्रेतल्या फडासारखी वाटते. फ्रान्सचा फिलिप एतांसलँ त्रेपन्न वर्षांचा, कापडी टोपी उलटी घालून चालवणारा. बेल्जियमचा जॉनी क्लास हा जॅझचा बँड चालवणारा वादक. बॉब जेरार्ड आणि कथ हॅरिसन यांच्याकडे युद्धापूर्वीच्या इआरए, म्हणजे रोम्युलस-हनुमानाच्याच घराण्यातल्या मोटारी. डोक्यावर कडक शिरस्त्राण घालायची सक्ती नव्हती. कमरेला पट्टा नव्हता. पट्टा बांधून आगीत अडकण्यापेक्षा बाहेर फेकलं जाणं बरं, असा त्या काळच्या चालकांचा हिशेब.

सत्तर फेऱ्या, सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. फारिनाने सर्वांत वेगवान सराव केला होता, शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच. हात लांब सरळ ठेवून, मागे रेलून तो चालवायचा. नंतरच्या पिढीने ती ढब उचलली. पुढे अल्फांची आपापसात अदलाबदल चाललेली. पार्नेलच्या मोटारीवर एक ससा येऊन आदळला, तरी तो चालवत राहिला. मागे बिरा त्या वेगाला पुरे पडत नव्हता. मासेरातीत तेवढा दम नव्हता. एकोणपन्नासाव्या फेरीत इंधन इंजिनपर्यंत पोचेनासं झालं आणि तो थांबला. शेवटच्या काही फेऱ्यांत फांजिओच्या इंजिनाची तेलाची नळी गेली. फारिना जिंकला, दोन तास तेरा मिनिटांत, ताशी १४६ किलोमीटरच्या सरासरीने. फाजोली अवघ्या २.६ सेकंदांनी मागे, पार्नेल तिसरा. जेरार्डची जुनी इआरए सहावी आली, तीन फेऱ्या मागे राहून.

पुढच्या आठवड्यात मोनाकोला बिरा पाचवा आला, मग स्वित्झर्लंडमध्ये चौथा. त्या पहिल्या जागतिक स्पर्धेच्या गुणतक्त्यावर त्याचे पाच गुण आहेत. फॉर्म्युला वनच्या गुणतक्त्यावर आशियातल्या माणसाचं नाव पुढे कित्येक वर्षं दुसरं चढलं नाही.

जानेवारी १९५५ मध्ये त्याने न्यूझीलंडची ग्रां प्री जिंकली, आर्डमोरला. तोही युद्धातला हवाई तळच. मग त्याने मोटारी सोडल्या. १९५२ मध्ये लंडनहून बँकॉकपर्यंत स्वतः विमान चालवत नेलं होतंच. पुढे शिडाच्या होड्या घेऊन चार ऑलिंपिकमध्ये उतरला. २३ डिसेंबर १९८५ ला लंडनच्या बॅरन्स कोर्ट स्टेशनावर तो कोसळला आणि गेला. जवळ ओळख पटेल असं काही नव्हतं, थाई लिपीतली एक चिठ्ठी होती. ती वाचणारा माणूस शोधला गेला तेव्हा कळलं की हा कोण. सूर्यनार कोविलच्या ओवरीत बसून मी वहीतली ही नोंद पुन्हा वाचली आणि तिथेच थांबलो, पुढचं पान उलटवेना. ज्या शहराच्या क्लबने याला तीन वर्षं सोन्याचा तारा दिला, त्या शहराला तो ओळखू येईना.

आता या मुलखाकडे येतो. आडुतुरैपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर तंजावरचा हवाई तळ आहे. आज तिथे सुखोई आहेत. २०२० च्या जानेवारीत त्यांचं स्क्वॉड्रन तिथे दाखल झालं. पण धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. १९४२ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश हवाई दलाचं ३६ क्रमांकाचं स्क्वॉड्रन तंजावरला नव्याने उभं केलं गेलं, बंगालच्या उपसागरावर जपानी पाणबुड्या हुडकायला. त्यांच्याकडची विमानं होती वेलिंग्टन. सिल्व्हरस्टोनला ज्यांच्यावर पोरं शिकत होती तीच जात. म्हणजे त्या काही महिन्यांत बृहदीश्वराच्या शिखरावरून, भाताच्या खाचरांवरून तीच इंजिनं गरजत जात होती. हे कळलं तेव्हा सिल्व्हरस्टोन मला एकाएकी फार लांबचं वाटेनासं झालं.

युद्धाने हिंदुस्थानातही धावपट्ट्या मागे ठेवल्या. तमिळनाडूने त्यांतली एक खेळाला दिली: मद्रासच्या उत्तरेला, कलकत्त्याच्या हमरस्त्यावरचं शोळवरम. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब निघाला आणि शोळवरमच्या इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या धावपट्टीवर शर्यती भरू लागल्या. मुंबईत जुहूच्या, कलकत्त्याजवळ बराकपूरच्या धावपट्टीवरही शर्यती झाल्या, पण शोळवरमइतकं कुणी टिकलं नाही. तीस-पस्तीस वर्षं.

शोळवरमची अडचण सिल्व्हरस्टोनहून कठीण होती. कडेचा वळणावळणाचा रस्ता नव्हता; होते सरळसोट पट्टे आणि टोकाला केसाच्या आकड्यासारखी वळणं. म्हणजे पूर्ण वेगात यायचं, सगळा वेग ब्रेकवर मारायचा, वळायचं, पुन्हा पूर्ण वेग. आपल्याकडे तेव्हा मोटारी तरी कोणत्या? फियाट, अँबॅसडर, स्टँडर्ड हेरल्ड. आयातीवर बंदी, सुटे भाग मिळायचे नाहीत. मग सिलिंडरचं हेड घासायचं, कॅमशाफ्ट नव्याने कोरायचा, कार्बुरेटर दुप्पट करायचे, आतल्या गाद्या-दारं काढून वजन उतरवायचं. शोळवरमच्या फियाटी दिसायला टॅक्सीसारख्या आणि पळायला भलत्याच. संस्थानिकही यायचे, गोंडलच्या महाराजकुमारांच्या परदेशी मोटारी बघायला गर्दी लोटायची. १९८० च्या दशकात विजय मल्ल्या यांनी एक जुनी एन्साइन फॉर्म्युला वन मोटार तिथे पळवली. एका पट्ट्यावर टॅक्सीचं इंजिन आणि ग्रां प्रीचं इंजिन, हे दृश्य जगात फार ठिकाणी दिसलं नसेल.

या मुलखाला चाकांचं ज्ञान जुनं आहे, हेही इथे सांगायला हवं. तिरुवारूरचा रथ इथून लांब नाही. त्या रथांना सुकाणू नसतं. मोठमोठ्या लाकडी पाचरी, मुट्टुक्कट्टै, नेमक्या क्षणी चाकाखाली सारून माणसं रथ वळवतात आणि थांबवतात. क्षण चुकला तर हात जातो. डोंगराएवढं वजन नजरेच्या अंदाजाने वळवायची ही विद्या घराण्यांनी सांभाळली आहे. शोळवरमच्या टोकाच्या वळणावर ब्रेकचा बिंदू शोधणारा चालक मला त्या पाचरवाल्यांचाच नातलग वाटतो.

शोळवरमची सगळ्यांत मोठी देणगी कोइमतूरच्या सुंदरम करिवर्धन यांच्या हातून आली. कोइमतूर म्हणजे गिरण्या, पंप, मोटारी आणि घरोघरी लेथ. करिवर्धन लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातले, स्वतः चालक. त्यांना दिसत होतं की परदेशी मोटार विकत घेणारा श्रीमंत एकटाच पळत राहील, मागून पोरं तयार होणार नाहीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली होती. तिचं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन घेऊन त्यांनी एका माणसाची, उघड्या चाकांची शर्यतीची मोटार बनवली. स्वस्त, देशी, गावातल्या मेकॅनिकला उघडता येईल अशी. लोक तिला फॉर्म्युला मारुती म्हणू लागले.

फॉर्म्युला मारुती. मारुती हे एका कारखान्याचं नाव होतं, हे मला कळतं. तरीही मराठी माणसाला हे दोन शब्द जोडीने वाचताना जे होतं ते लपवायचं कशाला? आपल्याकडे वेशीवर तोच, तालमीत तोच. पोर पहिल्यांदा दंड मारतं ते त्याच्यासमोर. १९३८ मध्ये एका सयामी राजपुत्राने इंग्लंडात त्याचं नाव शर्यतीच्या मोटारीला दिलं, आणि पन्नास वर्षांनी तमिळ मुलखात एका गिरणीवाल्याच्या हातून तेच नाव पुन्हा शर्यतीच्या मोटारीवर आलं. कुणी ठरवलं नव्हतं. मला हा योग मोलाचा वाटतो.

करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइमतूरजवळचा २००३ मध्ये सुरू झालेला धावमार्ग त्यांच्याच नावाचा आहे. शोळवरमच्या शर्यती तोवर थांबल्या होत्या. क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टैला स्वतःचा मार्ग बांधला आणि धावपट्टीचं युग संपलं. नव्या मार्गावर पहिल्या काही वर्षांत जी पोरं पळाली त्यांत एक कोइमतूरचा होता. वडील नामांकित रॅली चालक, स्वतःचा जन्म १४ जानेवारी १९७७, पोंगलचा. नरेन कार्तिकेयन.

१४ जून २००१ ला नरेन जॅग्वार संघाच्या फॉर्म्युला वन मोटारीत बसला. एका भारतीयाने अशी मोटार अधिकृत चाचणीत चालवायची ही पहिली वेळ. जागा सिल्व्हरस्टोन. कॉप्स, बेकेट्स, स्टो, अॅबी. वळणांची नावं तीच, १९५० ची. बेकेट्सचं नाव तिथल्या जुन्या प्रार्थनाघरावरून, अॅबीचं मठावरून. कडेचा तोच रस्ता, कितीदा खोदून, रुंदावून, वळवून बदललेला. २००५ मध्ये तो जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. त्या संघाचा कारखाना सिल्व्हरस्टोनच्या फाटकासमोर होता. १९ जून २००५ ला इंडियानापोलिसला, टायरच्या भांडणामुळे चौदा मोटारी माघारी फिरल्या आणि सहाच पळाल्या त्या दिवशी, तो चौथा आला. पाच गुण. बिराच्या पहिल्या हंगामाइतकेच.

आपल्याकडे म्हणाल तर कोल्हापूर. तालमींच्या आणि मोटारींच्या या गावाने गो-कार्टिंगची पोरं घडवली, आणि कृष्णराज महाडिक यांच्यासारखा चालक थेट ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री मालिकेत जाऊन पळाला. ती मालिका ज्या क्लबच्या नावाने भरे तोच बिराला सुवर्णतारा देणारा क्लब, आणि सिल्व्हरस्टोनची मालकीही आज त्याच्याचकडे. कोल्हापूरच्या पोरांवर स्वतंत्र लिहायला हवं. ते मी लिहीन.

संध्याकाळी सूर्यनार कोविलहून आडुतुरैला परतणारी बस मिळाली. ड्रायव्हरच्या डोक्यावर, काचेच्या वरच्या पट्टीत, आंजनेयाचं चित्र आणि त्याला सकाळचा सुकलेला हार. गावाजवळ पुन्हा भात लागलं. दोन बायका वाळलेले दाणे फावड्याने ओढून ढीग करत होत्या, एक मुलगा कडेचे दगड उचलून रांग आत आत घेत होता. ड्रायव्हरने गिअर उतरवला, डाव्या हाताची चाकं मातीत घातली आणि मुलाकडे बघून हॉर्न न वाजवता थांबला. मुलाने शेवटचा दगड उचलला, हातानेच खूण केली, आणि बस निघाली.